बरोबरची खूण

कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना,
तीच ती नस.
हाडाच्या खोबणीत, कातडीच्या लगेच खाली,
वेष्टण निघालेल्या तारेसारखी.
झोपेत हात अवघडला की माणूस कूस बदलतो.
भूल दिलेला माणूस बदलत नाही.
त्याच्या वतीनं बदलायला आम्ही असतो.

ओब्दुलिया रियाल, वय एकोणसाठ,
मालपिका बंदरावर जाळी दुरुस्त करणारी.
पोटातली गाठ काढली, सहा तास दहा मिनिटं लागली.
गाठ साधी होती.
लेकीनं आम्हा सगळ्यांना बदामाचा केक आणला.
तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, करंगळी अजून झोपलीय.
चौथ्या दिवशी, अनामिकासुद्धा.
डॉक्टर लोरेदा म्हणाले, जाईल.
मीही म्हणाले, जाईल.

हातावर पोट असलेल्या बाईचा हातच गेला
तर ती आधी वाट बघते.
मग डाव्या हाताला शिकवायला बसते.
डाव्या हाताच्या गाठी सरकतात,
मालक जाळं परत पाठवतो.
मग ती शेजारणीच्या जावयाकडे जाते,
तो वकील असतो.

आ कोरुन्याच्या कोर्टात हीटर फार होता.
तज्ज्ञानं टेबलावरचा हाती लागला तो कागद उचलला,
तिच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत दिला.
धरा घट्ट, मी ओढतो.
डाव्या हातानं तिनं असा धरला की कागद टरकला.
उजव्याचा अंगठा पेरात वाकला, गळासारखा,
आणि कागद निसटला.
कसलाच आवाज झाला नाही.

कागद माझा होता.
म्हणजे माझ्या अक्षरातली नोंद, तिची झेरॉक्स.
सातवी ओळ : कोपराखाली गादी.
पुढे बरोबरची खूण.

ठेवली होती?
नोंद आहे, मी म्हणाले.
आठवतं का?
मी नेहमी ठेवते.

नेहमी मी काय करते ते सांगते.
सकाळी साडेसातला, एका हातात कॉफी,
पेशंट अजून लिफ्टमध्ये असतो
आणि मी अकरा खुणा एका दमात करून टाकते.
कुणी शिकवलं नाही. सगळ्याच करतात.
नंतर ठेवतेच गादी. बहुतेक ठेवतेच.
त्या दिवशी दोन टेबलं चालू होती
आणि गाद्या, मला वाटतं, कमी होत्या.
मला वाटतं.

रुग्णालयाच्या वकिलानं हात वर केले, तेही फार सभ्यपणे :
बाईंना मधुमेह आहे,
गादी ठेवूनही अशी नस जाते,
कधी कधी कारण सापडतच नाही.
यातलं काहीच खोटं नव्हतं.
न्यायाधीश बाईंनी माझी सातवी ओळ मोठ्यानं वाचली.
काळजी घेतल्याचं दिसतं, असं निकालात आहे.
दिसतं.

एप्रिलमध्ये मालपिकाला गेले, मासळी घ्यायला,
निदान स्वतःला तसं सांगून.
धक्क्यावर हिरव्या जाळ्यांच्या ढिगात ती बसली होती,
जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं.
मला ओळखून तिनं उजवा हात वर केला,
दोन बोटं आत मुडपलेली.
चर्चच्या दारावरचा दगडी संत असाच हात धरतो,
लोक खाली मान घालून आत जातात.

म्हणाली, झोप येईपर्यंत तुम्ही हात धरला होतात माझा.
कोर्टात सांगायचं राहिलं, कुणी विचारलंच नाही.
हाच हात होता.

तो धरलेला मला आठवतो.
गार होता, तळव्याला दोऱ्याचे घट्टे.
कोपराखाली काय होतं,
तिथपर्यंत माझी आठवण पोचत नाही,
मनगटाशीच बधिर होते.

तिनं अर्धा किलो सार्डिन कागदात बांधून दिले.
पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले.
पुडीची गाठ घरी येईस्तोवर सुटली होती.

अजून रोज सकाळी साडेसातला फॉर्म येतो.
सहा खुणा होतात.
मग मी पेन खाली ठेवते,
आणि लिफ्टची वाट बघते.